पगारेची टाकी आणि वहिनींची अट

आम्ही जुने दोस्त जमलो की पहिला अर्धा तास ब्लडप्रेशर आणि गुडघे. मग कोणीतरी "पगारेची टाकी" म्हणतो आणि त्यानंतर कोणाचंच काही दुखत नाही! मी पावणे गावातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नोंद केल्याशिवाय एक नट आत येत नसे की बाहेर जात नसे. किस्से मात्र नोंद न करताच साठत गेले. ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतले हे, आणि सगळे एकाच माशांच्या टाकीचे.

पगारे आमचा वेल्डर, मूळचा मराठवाड्यातला. कोपरखैरण्यात दुसऱ्या मजल्यावर नवीन घर मिळालं तेव्हा त्याने जाहीर केलं, "कपाट नंतर. आधी माशांची टाकी." त्याच्या गावात प्यायचं पाणी दोन कोसांवरून यायचं. नुसतं बघायला घरात पाणी असावं, एवढीच त्याची हौस.

पण ते दोन कोसांवरून पाणी डोक्यावर आणलेलं होतं वहिनींनी. त्या म्हणाल्या, "ठेवा टाकी. पण फरशीवर पाणी सांडलेलं मला बघवत नाही. एकदा जरी सांडलं, तरी टाकी त्याच दिवशी घराबाहेर."

वहिनी उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पगारेला ते आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

*

त्या काळी टाकी म्हणजे लोखंडी अँगलची फ्रेम, आत काच आणि सांध्यात पुट्टी. फ्रेम पगारेने अशी केली की वरून ट्रक गेला असता. पण काचेवर त्याचा विश्वास नव्हता. दुकानदार म्हणाला, पाच एमएम पुष्कळ झाली. याने बारा एमएम घेतली!

रिकामी टाकी दुसऱ्या मजल्यावर चढवायला आम्ही सहा जण लागलो. पहिल्याच जिन्यात आमच्या लॅबमधला सामंत खाली बसला आणि म्हणाला, "पगारे, खरं सांग. मासे ठेवायचेत की मगर?"

*

फ्रेम गंजू नये म्हणून पगारेने तिला आतून-बाहेरून कारखान्यातला लाल प्रायमर मारला, तोही दोन हात. वास जायच्या आत पाणी भरलं आणि चार गप्पी सोडले. दोन दिवसांत चारही गेले.

सामंत केमिस्ट. त्याने बाटलीत पाण्याचं सँपल नेलं, तीन दिवस टेस्ट केलं आणि चक्क छापील फॉर्मवर रिपोर्ट दिला. पगारेने श्वास रोखून वाचला. शेवटी शेरा होता, "बॉयलरसाठी योग्य."

मग सगळा प्रायमर घासून काढला. खरवडलेला भुगा वहिनींनी वर्तमानपत्रावर गोळा केला आणि पगारेच्या डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात परत पाठवला.

*

तळाला खडी हवी होती. आमचा फिटर तांडेल सारसोळ्याचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. पगारे त्याला म्हणाला, "खाडीतून गोणीभर रेती आण ना."

तांडेल हसायला लागला. "आरं, ती खाऱ्या पान्याची हाय. तुझं मासं गोड्या पान्याचं. दोन दिसांत खारवशील त्यांना!"

शेवटी माझ्याच स्टोअरमध्ये पाण्याच्या फिल्टरमधून बदलून काढलेली खडी पडली होती. साहेबांची सही घेतली, गेटपास केला. 'कशासाठी' या रकान्यात मी खरं तेच लिहिलं, "माशांसाठी".

गेटवरच्या वॉचमनने पास वाचला. गोणीला नाक लावलं. पुन्हा पास वाचला आणि विचारलं, "ओले का सुके?"

*

दुकानातला हवेचा पंप साबणाच्या वडीएवढा. पगारेला तो खेळण्यातला वाटला. "हा काय हवा देणार? मच्छर बरा!" म्हणाला. त्याने भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर रिपेअर केला आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या शेडमध्ये एका पिंपावर ट्रायल लावली.

कॉक उघडला आणि पिंपातलं अर्धं पाणी वर गेलं. खाली आलं तेव्हा नेमके फोरमन साहेब तिथून चालले होते.

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. विचारलं, "आत मासे होते?"

"नाही साहेब."

"नशीबवान आहेत," म्हणाले आणि निघून गेले. संध्याकाळी पगारेने दुकानात जाऊन मुकाट्याने तो वडीएवढा पंप आणला.

*

हीटरचं तर सांगायलाच नको. आमच्याकडे थंडी ती कसली! पण कोणीतरी सांगितलं की एंजल मासा नाजूक असतो, म्हणून पगारेने काचेच्या नळीतला हीटर आणला आणि मासे आणायच्या आधीच रविवारी सकाळी लावला. तो आपोआप बंद होतो, असं त्याने गृहीत धरलं होतं. तासाभराने वहिनींनी टाकीत बोट बुडवलं आणि तिथूनच हाक मारली, "अहो, आंघोळीला काढायचं का?"

त्या हीटरचा खोका मी पुढे कित्येक वर्षं स्टोअरमध्ये खिळे ठेवायला वापरला.

*

एवढं होऊनही टाकी रंगरूपाला आली. एंजल, मॉली, गुरामी मिळून तीसेक मासे झाले. इतके नकोत, असं दुकानदारसुद्धा म्हणाला होता! पगारे कामावरून आला की चपला न काढता आधी टाकीसमोर उभा राहायचा.

तांडेलची आई कॉलनीत मासळीची पाटी घेऊन फिरायची. दुपारी पगारेच्या दारात टेकायची आणि वहिनींच्या हातचं पाणी प्यायची. एका रविवारी आमच्यासमोरच तिने पहिल्यांदा टाकी बघितली तेव्हा आम्हाला वाटलं, आता कालवणाची चेष्टा होणार. म्हातारी हवेचे बुडबुडे बघत बसली आणि एवढंच म्हणाली, "ह्यांचा पानी हलता ठेव रं. ह्ये लय झालं एवढ्या पान्यात."

*

मग एकदा पुट्टी सुकून कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. पगारेच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनींनी खाली स्टीलची वाटी ठेवली आणि भरली की गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातली. फरशी कोरडी राहिली. पगारेने रजा टाकली आणि सांधा नव्याने भरला.

वाटी उचलताना वहिनी म्हणाल्या, "ही शेवटची. आता वाटी ठेवणार नाही."

*

त्यानंतर महिन्याभरातच कल्याणला आमच्या सामंताचं लग्न होतं. सगळे जाणार. वहिनींनी घराची किल्ली तांडेलच्या आईकडे दिली. दुपारी टेकायला येशील तेव्हा माशांना चिमूटभर दाणे टाक, एवढंच सांगितलं.

पाचच्या सुमाराला आम्ही परतलो. पगारे, वहिनी, तांडेल आणि मी. जिन्यातच कळलं, दुपारी बारापासून वीज नाही. पगारे दोन-दोन पायऱ्या चढत सुटला. हवा नाही, आणि टाकीत तीस मासे!

दार सताड उघडं होतं. टाकीपासून उंबऱ्यापर्यंत फरशीवर पाणीच पाणी. आणि त्या पाण्यात स्टुलावर उभी राहून तांडेलची आई तांब्याने टाकीतलं पाणी काढत होती, हात उंच करून धार परत टाकीत सोडत होती. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. एक हात दुखला की तांब्या दुसऱ्या हातात घेत होती, पण धार थांबत नव्हती. टाकीत बुडबुडे उठत होते आणि मासे फिरत होते.

"मशीन बंद परली रं," ती मागे न बघता म्हणाली. "सगलं वर येऊन तोंड वासाया लागलं."

दाराशी तिची पाटी तशीच पडली होती. वरचं फडकंसुद्धा सोडलेलं नव्हतं. दिवसभराची मासळी उकाड्याने वाया गेली होती, वास जिन्यापर्यंत येत होता.

तांडेल कळवळून म्हणाला, "आये, तुझी पाटी! एवरी मासली गेली ना!"

"ती मेलेली हाईत रं," म्हातारी म्हणाली. "ही जिती हाईत."

मग आम्हा सगळ्यांना एकदमच अट आठवली. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, लग्नातली हिरवी साडी नेसून, आणि फरशीकडे बघत होत्या. पगारेने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि गुडघ्यावर बसून भराभर पुसायला लागला. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती. मी चार वर्षं त्या घरात जेवलो होतो, पण तेव्हा मलाही तिथून निघून जावंसं वाटलं.

वहिनींनी पदर कमरेला खोचला. पाण्यातून चालत टाकीपाशी गेल्या, म्हातारीला हाताला धरून स्टुलावरून खाली उतरवलं आणि तिच्या हातातला तांब्या घेतला. स्टुलावर चढल्या, तांब्या बुडवला आणि वरून धार सोडली.

"अहो," त्या पगारेला म्हणाल्या, "ते पुसायचं राहू द्या. आधी आईंना चहा टाका."