घोडे मेले, चित्र बरे

पिराजी गुरुजींना कन्नड येत नव्हतं. सरकारला मात्र ते येतं असं वाटत होतं, कारण अर्जातल्या 'कन्नड येते काय?' या रकान्यात त्यांनी बेधडक 'होय' लिहिलं होतं. येत काय होतं? 'हौदु' म्हणजे होय, आणि 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का. मला विचाराल तर एवढ्यावर माणसाचा अख्खा संसार चालतो, पण शिक्षण खात्याचं मत वेगळं होतं.

आमचं गाव बसवकल्याणहून उमरग्याला जाताना लागतं. शाळा मराठी, दोन खोल्यांची. गुरुजी उदगीरकडचे. राज्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्यांचं गाव तिकडं, महाराष्ट्राच्या बाजूला गेलं आणि दहा-अकरा वर्षांनी नोकरी निघाली ती इकडं, म्हैसूर राज्यात. त्यांच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतलेला, आणि त्या घरात हातात खडू धरणारे ते पहिलेच. जागा हंगामी होती. जून संपायच्या आत 'कन्नड येते' असा साहेबांचा शेरा मिळाला तर कायम, नाहीतर गाठोडं बांधा.

दिवाळीनंतर साहेब तपासणीला आले. पार म्हैसूरकडचे, बोलणं पुस्तकातलं. पांढऱ्याफटक भिंतींकडं बघून ते जाता जाता म्हणाले, "गोडे मेले चित्र बरेसि."

"हौदु," गुरुजी ताठ उभे राहून म्हणाले.

जीप गेली आणि गुरुजी कोड्यात पडले. शाळेत पाणी भरणारी बसव्वा घरी कन्नडच बोलायची, पण ती नेमकी विहिरीवर गेलेली. 'घोडे मेले... चित्र बरे...' असं चार वेळा पुटपुटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"पोरांनो, जिवंत घोडा कुणी बघितलाय?"

कुणीच नव्हता बघितला. निजामाच्या काळात पाटलाच्या दारात एक होता, तो कधीच मेला.

"बरोबर हाय की साहेबाचं! घोडे मेले, आता चित्र तरी बरे! काढा घोडे!"

हे सगळं मी खिडकीबाहेरून ऐकत होते. नवे गुरुजी कोण, कुठले हे कळल्यावर माझ्या वडिलांनी, उद्धवरावांनी, मला शाळेतून काढलं होतं. माझ्याकडं शेळ्या दिल्या. आता शेळ्यांना शाळेमागचाच पाला आवडायचा, त्याला मी काय करणार?

गेरू आला, हळद आली, कपड्यांची नीळ आली, चुलीतला कोळसा आला. शिंदीच्या काड्या ठेचून कुंचले झाले. गुरुजींनी नियम एकच घातला: ज्याचा घोडा त्यानं काढायचा, दुसऱ्याचा पुसायचा न्हाई. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी खिडकीतून आत उडी मारली. गुरुजींनी काही न विचारता माझ्या हातात कुंचला दिला.

माझा घोडा निळा झाला, पाच पायांचा.

"पाचवा कामून गं, राजू?"

"एखादा दुखला तर?"

"व्हय की," गुरुजी म्हणाले आणि पुढं गेले. आजवर माझं म्हणणं इतक्या झटकन कुणी मान्य केलेलं नाही.

शेळ्या दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरल्या आणि माझं बिंग फुटलं. वडील काठी घेऊन शाळेत आले. दारातच थबकले. पोरवयात पाटलाच्या त्या घोड्याला खरारा त्यांनीच केला होता.

"ह्यो घोडा हाय व्हय?" ते गरजले. "मागचा पाय असा वाकतोय का कुठं? आण इकडं कोळसा!"

काठी कोपऱ्यात राहिली. दिवस मावळेपर्यंत वडील पोरांना घोड्याचे पाय शिकवत होते. दुसऱ्या दिवशी मला स्वतः शाळेत सोडलं आणि वर म्हणाले, "शेपटाचं जरा बघा, गुरुजी." त्यांच्या तोंडून 'गुरुजी' मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्या दिवशी भाकरीसुद्धा गोड लागली.

त्रेचाळीस घोडे झाले. पिवळे, तांबडे, ठिपक्यांचे, एक तर लुगडं नेसलेला. बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून शाळा बघायला यायची.

संक्रांतीनंतर साहेब पुन्हा आले. दारात उभे राहिले, तोंडाला रुमाल लावला. त्यांचे खांदे हलत होते.

"एल्ला कुदुरे?"

"हौदु," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी शेरेबुकात कन्नडमध्ये पानभर शेरा लिहिला आणि ते निघून गेले. दारात घागर घेऊन उभ्या बसव्वानं कपाळाला हात लावला.

"अय्यो गुरुजी! कुदुरे म्हंजे घोडा. सगळे घोडेच का, असं इचारलं त्यांनी. आधी काय म्हनले व्हते?"

गुरुजींनी सांगितलं.

"अवो, गोडे म्हंजे भिंत! आमच्यात ग्वाडी म्हंत्यात. मेले म्हंजे वर. भिंतीवर चित्रं काढून घ्या म्हनले ते!"

"मग घोडे?"

"घोडे न्हाईतच त्यात."

शेऱ्यात काय असणार हे गुरुजींना न वाचताच कळलं. गावात कन्नड वाचणारे दोघे होते, पण दोघांच्याही पोटात काही राहत नसे. "माझ्याबद्दल लिवलंय, तर मीच वाचीन," गुरुजी म्हणाले.

बसवकल्याणहून त्यांनी कन्नड पहिलीचं पुस्तक आणलं. बोलायला बसव्वा शिकवायची, अक्षरं ते स्वतः गिरवायचे, आणि धडा आम्ही म्हणून घ्यायचो. चुकले की आम्ही त्यांना बाकावर उभं करायचो. इतकी मजा मला पुन्हा कुठल्याच शाळेत आली नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गुरुजींनी शेरेबुक उघडलं. बोट ठेवून, अडखळत, आमच्यासमोर मोठ्यानं वाचलं आणि एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगितला.

"मी भिंतीवर चित्रं मागितली होती. घोडे मागितले नव्हते. पण इतकी आनंदी शाळा मी जिल्ह्यात पाहिली नाही." गुरुजींनी घाम पुसला. "मास्तरांना कन्नड येत नाही."

मला रडूच यायला लागलं. गुरुजींचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

"ज्या दिवशी ते हा शेरा स्वतः वाचतील, त्या दिवशी कन्नड आलं असं समजून त्यांनी मला कन्नडमध्ये पत्र लिहावं. जागा कायम करतो."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी न अडखळता. साहेबांना कन्नडमध्ये लिहिलेलं कार्ड त्याच दिवशी टपालात पडलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लखोटा आला. गुरुजींनी तो फोडला आणि मनातल्या मनात वाचला. बसव्वा घागर खाली ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"काय लिवलंय, गुरुजी?"

"घोडे जगले, अक्का."