त्रिंबकची स्टेपनी

त्रिंबकची जीप भंगारात गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण जीपची स्टेपनी काही भंगारात गेली नाही. भंगारवाला चार चाकांसकट जीप घेऊन गेला आणि पाचवं चाक त्रिंबकने घरामागे लपवून ठेवलं. पुढे त्याची बायको पारूबाई त्याच चाकावर बसून भांडी घासायला लागली. "जीप गेली अन् हे ध्यान माझ्या पदरात टाकून गेली," ही तिची रोजची बडबड. त्रिंबक ते या कानाने ऐकायचा आणि त्या कानाने सोडून द्यायचा.

नांदूरघाट ते बीड या रस्त्यावर जीप चालवण्यात त्याची उभी हयात गेली होती. त्या काळी स्टेपनी कुणा एकट्याची नसायची. कुणाची जीप रस्त्यात बसलेली दिसली की मागून येणारा थांबायचा, आपली स्टेपनी काढून द्यायचा आणि पुढे निघून जायचा. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ती परत मिळायची. कुणी आभार मानायचं नाही, आणि कुणी नाही म्हणायचं नाही. स्टेपनीशिवाय गाडी बाहेर काढणाऱ्याला हे जीपवाले ड्रायव्हर मानतच नसत.

आता त्रिंबक साठीला आला होता आणि अंगदरावांच्या गाडीवर होता. अंगदचं गावात खताचं दुकान. त्याची आई सत्यशीलाअक्का, तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला बीडला डायलिसिसला न्यायचं, मशीनवरून उतरेपर्यंत थांबायचं आणि घरी आणून सोडायचं. थकलेल्या माणसाला थकलेला ड्रायव्हर मिळाला, असं पारूबाई म्हणायची, आणि तिचं काही खोटं नव्हतं. त्रिंबकची कंबर धरायची, परतताना डोळे मिटायचे. काम सोडायचं त्याने मनात कितीदा ठरवलं. पण पहिल्याच दिवशी अक्का म्हणाली होती, "त्रिंबक, मला रस्त्यात ठिवू नको बाबा." आणि हा बोलून बसला होता, "न्हाई ठिवत, अक्का." तो शब्द मानेवरून उतरत नव्हता.

दसऱ्याच्या आधी अंगदने नवी गाडी आणली. दसऱ्याला पूजा करताना त्रिंबकने चार चाकांना कुंकू लावलं आणि पाचव्यासाठी डिकी उघडली. आत खळग्यात फोमचा एक ट्रे. ट्रेमध्ये हवा भरायचं खेळण्याएवढं यंत्र आणि पांढऱ्या औषधाची बाटली.

"स्टेपनी कुठं हाय?"

"आता स्टेपनी देत न्हाईत, मामा," अंगद म्हणाला. "बाटली त्या यंत्राला लावायची, यंत्र चाकाला. औषध आत जाऊन भोक बुजवतं. पंक्चरवाल्यापर्यंत आरामात जातंय."

त्रिंबकने कुंकवाचं बोट डिकीच्या कडेलाच पुसलं. औषध पाजून चाक बरं होतं म्हणे! त्याचं डोकंच फिरलं. आणि डोकं फिरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. रविवारी गाडी धुवायला म्हणून घराकडे आणली, तो ट्रे काढून फडताळात ठेवला आणि पारूबाईचं चाक घासूनपुसून त्या खळग्यात बसवलं. झाकण जरा वरच राहिलं, त्यावर त्याने गोधडी टाकली.

"ते ह्या गाडीला बसतंय का?" पारूबाईने विचारलं.

"न्हाई."

"मग कावून न्यायलाव?"

"रस्त्यात कुणाला लागलं तर," तो म्हणाला. खरं म्हणजे डिकीत चाक असलं की त्याला निवांत वाटायचं, बस.

पुढच्याच सोमवारी, नेकनूरच्या अलीकडे, गाडी डावीकडे ओढायला लागली. त्रिंबकने उतरून पाहिलं. पुढच्या चाकात बैलाच्या नालेचा खिळा रुतला होता आणि हवा सूं सूं करत चालली होती. एवढंसं भोक. ज्याच्यासाठी ती बाटली केली होती, अगदी तेवढंच. अक्काची नऊची पाळी होती. पाळी चुकली की मशीन दुसऱ्याला जातं, आणि अंगातलं पाणी अंगातच राहतं. तिच्या पायांवरची सूज त्याला तिथूनही दिसत होती.

गाडीला जॅकसुद्धा दिलेला नव्हता. तो उगाच डिकीपाशी गेला, गोधडी काढली आणि जीपच्या त्या चाकाकडे बघत उभा राहिला.

"काय झालं रं?" अक्काने आतून विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. लपवायला अंगात बळ पाहिजे, ते नव्हतं. "चूक झाली, अक्का. औषध घरी हाय अन् हे बिनकामाचं धूड घेऊन फिरायलोय."

गाडीत ऊन यायला लागलं होतं, म्हणून अक्काने त्याला हात धरून उतरवायला सांगितलं. शेजारी लिंबाचं झाड होतं, पण खाली नुसते दगड. तिच्याने उभं राहवेना. मग त्रिंबकने ते चाक काढलं, सावलीत आडवं टाकलं, वर गोधडी घातली, आणि अक्का त्यावर टेकली.

त्याने पारूबाईला फोन केला. ती काय काय बोलली ते सांगण्यात अर्थ नाही. कुणा मोटारसायकलवाल्याच्या हाती ट्रे पाठवते म्हणाली. तोवर हा रस्त्याच्या मधोमध हात दाखवत उभा. गाड्या थांबत नव्हत्या, आणि थांबणाऱ्यांकडे तरी काय असणार होतं?

"ये, बस जरा," अक्का म्हणाली.

"उशीर व्हायलाय, अक्का."

"व्हऊ दे की. ह्या रस्त्यानं किती वेळा गेले, पर हे झाड आज बघितलं. घरचे म्हणतेत चला, डॉक्टर म्हणतो या. थांब म्हणणारं कुणीच न्हाई." ती लिंबाच्या बुंध्याकडे बघत होती. "लई कटाळा आलाय रे, त्रिंबक. मरायचं न्हाई मला. निस्तं बसायचंय."

त्रिंबक तिच्याजवळ मातीतच बसला. त्याला रडू आलं, पण ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने त्रिंबकच्या जुन्या सोबत्याची, बजरंगची जीप आली. या रस्त्यावर उरलेली बहुधा शेवटचीच. बजरंग न विचारता थांबला, पुढच्या सीटवरचे दोघे मागे दाटले, आणि अक्का पुढे बसून बीडला गेली. ट्रे आला तेव्हा त्रिंबकने बाटली लावली आणि यंत्र सुरू केलं. चहा पिऊन होईल एवढ्या वेळात चाक फुगून उभं राहिलं. इतकं मुकाट काम करणाऱ्या वस्तूला आपण खेळणं म्हटलं, याची त्याला लाज वाटली.

दवाखान्यात अक्काला दुपारनंतर मशीन मिळालं, तेही अर्ध्याच वेळासाठी. संध्याकाळी परतताना अंगदने फोनवर उशीर का झाला असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "रस्त्याचं काम चालू होतं." त्रिंबक आरशात बघायचं टाळत गाडी चालवत राहिला.

गुरुवारी खळग्यात ट्रे होता, नवी बाटलीही होती. त्रिंबक नेहमीपेक्षा जरा लवकरच न्यायला आला. नेकनूरच्या अलीकडे, लिंबापाशी, त्याने गाडी बाजूला घेतली.

"पुन्ना पंक्चर?" अक्काने विचारलं.

"व्हय."

त्याने डिकी उघडली, गोधडीखालून जीपचं चाक काढलं आणि सावलीत आडवं टाकलं. गाडीची चारही चाकं ठणठणीत होती, आणि ते अक्कालाही दिसत होतं. तिने त्याचा हात धरला आणि हळूहळू खाली उतरली.