बहुधा म्हणणाऱ्या राव मॅडम

राव मॅडम माणसाचा चेहरा नंतर पाहायच्या, आधी दात. २००६ साली सोलापूरहून चेन्नईच्या डेंटल कॉलेजात गेलो, तेव्हा मी नाव सांगत होतो आणि त्या माझ्या तोंडात डोकावत होत्या. "सुपारी सोड," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या मराठीला हसू नको. आम्ही तंजावरचे." मी हसलोच. जुन्या वळणाची मराठी, त्यावर तमिळ हेल. कितीही दाबलं तरी हसू फुटायचंच.

पहिल्याच तासाला त्यांनी प्लास्टरचा एक खालचा जबडा आमच्यात फिरवला. पुरुषाचे सुळे सहसा बाईच्या सुळ्यांपेक्षा रुंद असतात, तेव्हा मोजा आणि सांगा कुणाचा. आम्ही व्हर्नियर मापपट्टी लावून छातीठोकपणे 'पुरुष' लिहिलं. मॅडमनी खालचा ओठ बोटानं ओढून आपले सुळे दाखवले. जबडा त्यांचाच होता. वर्ग गार पडला. "बहुधा म्हणायला जीभ झिजते कां रे?" त्या म्हणाल्या. पुढे हे वाक्य आम्ही उठताबसता ऐकलं. कँटीनमध्ये मी त्याची नक्कल करून टाळ्याही मिळवल्या.

दुसऱ्या वर्षी चेन्नईबाहेर ओरगडमजवळ कारखान्याचा पाया खणताना थोडी हाडं आणि एक जबडा सापडला. पोलिसांनी तो मॅडमकडे आणला; दातांवरून माणूस ओळखणं हाच त्यांचा विषय. मापं मी घेतली. सुळे चांगलेच रुंद होते. मॅडमनी अहवालात लिहिलं, 'बहुधा पुरुष; केवळ दातांवरून खात्री देता येत नाही.' हाडाचा तुकडा डीएनए तपासणीला गेला.

बाहेर बाकावर आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समधल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी चार महिन्यांपासून बेपत्ता होती, म्हणून डीएनए जुळवायला रक्त द्यायला पोलिसांनी त्यांना बोलावलं होतं. त्या स्वतःशीच मराठीत देवाचं नाव घेत होत्या. इतक्या दूर, अशा जागी मराठी ऐकली आणि मला राहवलं नाही. काकू, घरी जा, म्हटलं. पुरुषाचे दात आहेत, तुमची मुलगी नाही. त्यांनी माझे दोन्ही हात कपाळाला लावले. मॅडमना मी हे सांगितलं नाही. पुण्य केल्यासारखं वाटत होतं मला.

अडीच महिन्यांनी तपासणीचा निकाल आला. हाडं त्या मुलीचीच होती. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. आता ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी पर्स उचलली. "पोलीस त्यांच्याकडे जायच्या आत जाऊ. मी येते सोबत. पण सांगायचं तूच."

आवडीला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. काकूंनी मला लगेच ओळखलं, आनंदानं आत नेलं. नवरा ड्युटीवर होता. स्वयंपाकघरात केळीची दोन पानं मांडलेली, दोन्हींवर भात, सांबार, भाजी वाढलेली. एक त्यांचं. दुसरं कुणाचं हे विचारायची गरज नव्हती. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच काकूंकडे खूण केली.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. काकू रडतील, मला मारतील, अशी तयारी मी रेल्वेत केली होती. त्या नुसत्या पानाकडे पाहत राहिल्या.

"तुझ्या बोलण्यावर रोज तिचं पान वाढत होते मी," त्या म्हणाल्या. "वाढलेलं पान टाकायचं नाही आमच्यात. बस. तूच जेव."

ज्या घरात आता चूलही पेटायची नव्हती, तिथे मी जेवायचं? मी हादरलो. मॅडम सुटका करतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

"बस," मॅडम म्हणाल्या.

मी बसलो. मॅडमही माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असूनही. काकू उठून आतल्या खोलीत गेल्या. भात गार झाला होता. एकेक घास गिळत मी पान संपवलं, आणि ते उचलायला वाकलो तेव्हा आतल्या खोलीतून काकूंचा पहिला हंबरडा ऐकू आला.