प्राणेशरावांचे हिंदूपूरचे आजोबा

शहाण्णव साली आमच्या बळेपेठेत बातमी उठली की प्राणेशरावांनी एका तेलुगू बाईशी घरोबा केलाय, म्हणून घरात मराठी बोलत नाहीत. साफ खोटं. बाई सोडा, त्या माणसाकडे मांजरसुद्धा दुसऱ्यांदा बघत नाही. (बातमी मी उठवली म्हणतात, तेही खोटं. मी तिसरा.) झालं होतं ते याहून मूर्खपणाचं.

प्राणेशराव सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. घरात मराठी, भाजीवाल्याशी कन्नड, आणि अक्कल दोन्हीत सारखीच. शिक्का मारलेला कागद तेवढा खरा, माणसाच्या तोंडचं सगळं थोतांड! पुण्यात त्यांच्या आडनावाचा कुलवृत्तांत छापला जाणार होता. ऐंशी वर्षांच्या त्यांच्या आई तुंगाबाईंना त्यात नवऱ्याचं नाव बघायचं होतं, बाकी काही नको. पुरावे शोधताना प्राणेशरावांना आजोबांचा शाळेचा दाखला सापडला. जन्मस्थळ, हिंदूपूर.

"हिंदूपूर आंध्रात. म्हणजे आपण मुळात तेलुगू!"

लगेच पुण्याला पत्र गेलं, आमची शाखा वगळावी. मग तेलुगू शिकवणारं पुस्तक आणून कट्ट्यावर मोठ्यांदा घोकंपट्टी. आठ दिवस चहा मराठीत मागायचा नाही आणि तेलुगूत मागता येत नाही, असे बसून.

नवव्या दिवशी तुंगाबाईंना पत्राचं कळलं.

"प्राणेशा, तुझ्या आजोबांच्या आईचं माहेर हिंदूपूर. तिच्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान, तेही आपल्यातलेच. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, स्वल्प तरी डोकं चालव! तुझी लेक रूपश्री तिच्या आजोळी सेलमला जन्मली. आता तमिळही घोकणार? आणि ह्यांचं नाव खोडलंस, ते कुणाला विचारून?"

प्राणेशरावांनी दाखला उलटून पाहिला. आईच्या माहेराचा रकाना मागेही नव्हता. "सरी, बरोबर," एवढंच पुटपुटले आणि तार करायला पळाले.

पुण्याहून कार्ड आलं, पान ठेवलंय. तुंगाबाईंनी ते चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं.

मला कसलं राहवतंय! संध्याकाळी कट्ट्यावर गाठून विचारलं, "काय प्राणेशण्णा, आज कोण आहात?"

ते म्हणाले, "तुमच्या आई होसकोटेच्या बसमध्ये बाळंत झाल्या, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून आम्ही तुम्हाला कंडक्टर म्हणतो का?"