पूर्वाची अक्का

अक्का कधी कुणाला प्रश्न विचारत नसत. घरात आल्या की भिंतीला टेकून बसायच्या, पिशवीतून निवडायला काहीतरी काढायच्या, कधी दादर ज्वारी, कधी मेथी, आणि अर्धी रास आपल्यापुढे ढकलायच्या. मग आपणच बोलू लागायचो. या बाईचा मी भयंकर हेवा केला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भली समजायला नको.

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. सावद्याच्या अंगणवाडीत जन्म घालवून निवृत्त झालेल्या. कुणाच्या मुलाला-मुलीला कुणी जाळ्यात ओढतंय अशी शंका आली की शाळेतल्या बाई त्या आईबापांना गुपचूप अक्कांकडे धाडायच्या. माझी पूर्वा नववीत असताना ती पाळी आमच्यावर आली. मोबाइलवर कुणी ‘मुलगा’ तिच्याशी गोड बोलायचा, मग फोटो मागू लागला. मी ते वाचलं आणि तिच्या दोन थोबाडीत दिल्या. अब्रू जायला नको म्हणून सगळे मेसेज उडवले, फोन कपाटात टाकला आणि तिला शाळेतून काढून माझ्या माहेरी, भडगावला, पाठवायचं ठरवलं.

हे ऐकून अक्का एवढंच म्हणाल्या, “झायं ते झायं. आते तिले कोठे धाडू नको. पोरना काही गुन्हा नही शे.” मला रागच आला. पोर माझी, आणि निवाडा करणार ही? तरी तिला भडगावला धाडणं मी लांबणीवर टाकलं.

मग त्या रोज चारच्या सुमाराला येऊ लागल्या. मी चहा ठेवायला आत गेले की बाहेर दोघींचं हसू ऐकू यायचं. मी आले की बंद. माझ्याशी ‘हो-नाही’पलीकडे न बोलणारी पोर त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसायची. अक्कांच्या चहात मी मुद्दाम साखर कमी घालायचे. त्या मुकाट्याने पिऊन टाकायच्या.

एके दिवशी दाराआडून ऐकलं. त्या माणसाकडे पूर्वाचा एक फोटो होता. भुसावळ स्टेशनवर ये, नाहीतर सगळ्यांना पाठवतो, अशी धमकी तिच्या मैत्रिणीच्या फोनवर येत होती. रविवारी पूर्वा तिथे जाणार होती. “आईला नका सांगू,” पूर्वा रडत म्हणाली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही आधी मनात आलं ते हेच, की हिला सांगितलं, मला नाही.

“मी नही सांगाव. तूच सांगशी. मी आठेच बठस,” असं तिला म्हणून, जागच्या न हलता, अक्कांनी मला हाक मारली. “ये बाई, बस. तिना तोंडाकडे पाहू नको. नुसतं ऐक.”

मी मेथी निवडत ऐकलं. देठ कुठला नि पान कुठलं, काही कळत नव्हतं. पण या वेळी हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी पूर्वाचे वडील, आम्ही दोघी आणि अक्का पोलिसांकडे गेलो. मैत्रिणीच्या फोनवरचे मेसेज शाबूत होते, म्हणून निभावलं. तो ‘मुलगा’ चाळिशीचा निघाला.

पुढे अक्का मुलाकडे धुळ्याला राहायला गेल्या. निघताना पूर्वा त्यांच्या गळ्यात पडून हमसून रडली. माझ्यासाठी ती कधी अशी रडली नव्हती, आणि ते मला खुपलं.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरावरून तिला पुन्हा कुणीतरी छेडलं. ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि फोन माझ्या हातात दिला. “आई, हे बघ.” आम्ही दोघींनी मिळून तक्रार केली. मग मला काही राहवेना. मी धुळ्याला फोन लावला, निव्वळ जिंकल्याचं सांगायला.

“अक्का, या वेळी तिनं आधी मला सांगितलं!”

“माले बी एक पोर व्हती, बाई,” अक्का म्हणाल्या. “तिले बी आसंच कोणी फसाडं. माले तिनी सांगंच नही. जीव दिधा तिनी.” मग अगदी हळू म्हणाल्या, “आज तुना हेवा वाटस माले.”