कुंकवाला जागा ठेवणाऱ्या अक्का

नवं यंत्र हातात आलं की अक्का आधी त्याच्यावर चहा सांडायच्या. मुद्दाम, चांगला दुधाचा, साखर घातलेला. कुकटपल्लीतल्या त्या छोट्या कारखान्यात मी पुण्याहून नवाच आलो होतो. वाटलं, बाईंचा हात कापतो. फडकं घेऊन धावलो, तर म्हणाल्या, "राहू दे रे पुणेकर, ड्रायव्हर काय फडकं घेऊन बसणार आहे?"

अक्का आमच्या मुख्य डिझायनर. जुन्या हैदराबादी मराठी घरातल्या. लाड मराठीत, राग दखनीत. उदारीकरणाचे दिवस होते आणि आम्ही लॉऱ्यांसाठी निरोपाचा डबा बनवत होतो: छोटा पडदा, खाली बटणं, ऑफिसचा निरोप थेट केबिनमध्ये उमटायचा. अफझलगंजच्या एका वाहतूकवाल्या शेठनी थोडे डबे चाचणीला घेतले होते. ते पसंत पडले नाहीत तर कारखान्याला टाळं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दसरा झाला आणि शेठनी सगळे डबे परत धाडले. एकाचंही बटण दाबलं जाईना. फटींत हळद-कुंकू घट्ट बसलेलं, आत नारळाचं पाणी. चहाला पुरून उरलेला आमचा डबा पूजेपुढे हरला होता. मालक चिडून म्हणाले, "'पूजा करू नये' असं स्टिकर लावा!"

"लावा, अन् तुम्हीच वाचत बसा," अक्का म्हणाल्या. "माणूस वागायचा तसाच वागणार. शहाणपण डब्यानं शिकावं."

मला घेऊन त्या लॉरी अड्ड्यावर गेल्या. डब्याला कुंकू कशाला, असं विचारल्यावर ड्रायव्हर बिचारा गोंधळलाच. "मॅडम, इंजन कू लगाए, इस्टेरिंग कू लगाए. इसकूच नै लगाए तो इसकू बुरा नै लगता क्या?" परतताना रिक्षात अक्का तेच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या.

त्यांना तरुणपणीच वैधव्य आलेलं. कारखान्यातल्या दसऱ्याच्या पूजेला त्या दाराशीच उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "मला उदबत्तीचा धूर सोसत नाही." सगळा जन्म सोल्डरिंगच्या धुरात गेलेला! पण आम्हीही मुकाट्यानं मान डोलवायचो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेगम बाजारातून पिशवीभर हळद, कुंकू, नारळ आणले. मग काय, रोज सकाळी डब्यांची पूजा आणि दुपारी सगळ्यांना खोबरं. शेवटी बटणांवर एकसंध रबर चढलं, कुठे फट म्हणून राहिली नाही. पडद्याच्या वर मात्र अक्कांनी एक गोल खळगा ठेवला.

"इथे काय बसणार?" मालकांनी विचारलं.

"कुंकू."

शेठनी सगळ्या लॉऱ्यांना तो डबा बसवला. ड्रायव्हरचं वाक्य तर आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

अक्का निवृत्त व्हायच्या होत्या त्या वर्षीही दसऱ्याला त्या दाराशीच होत्या. यंत्रांना, अवजारांना, डब्यांना कुंकू लावून झालं, आणि जोडणीवरची लक्ष्मम्मा ताट घेऊन सरळ त्यांच्यापुढे गेली.

"अक्का, सबकू लगाए. तुमकूच नै लगाए तो हमकू बुरा नै लगता क्या?"

"अगं, धूर..." अक्का म्हणायला गेल्या आणि थांबल्या. चष्मा काढून त्यांनी कपाळ पुढे केलं. डोळे घळाघळा वाहत होते. या वेळी मी फडकं घेऊन धावलो नाही.