पारख्याचा प्रश्न

विलायतेत वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली, त्या वर्षांत मी अमरावतीत पंतोजीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. ती हुकली असती तर शिक्षण सोडून गावी परतावं लागलं असतं. म्हणून कापूसबाजारात निंबाखाली बसून मी पुस्तक मोठ्यानं पाठ करायचो.

शेजारी एक पारखी कापसाच्या गाड्या तपासायचा. कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस काढायचा, बोटांनी ताणायचा, नाकाशी न्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आजही लाज वाटते.

एकदा मी घोकत होतो, "कापूस भल्या पहाटे वेचावा."

तो थांबला. "काहून?"

"पुस्तकात आहे."

"तवा कापसावर दव असते, मास्तर. वल्ला कापूस वजनात भारी भरते. लिहिणाऱ्यानं कोणाले इचारलं, इकणाऱ्याले का घेणाऱ्याले?"

पुस्तकाला असं काही विचारता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकेका वाक्याशी भांडू लागलो. अभ्यासात इतकी मजा मला कधीच आली नव्हती.

परीक्षेत साहेबांनी नेमका तोच धडा विचारला. खरं माहीत असूनही मी भीतीनं "भल्या पहाटे" म्हणालो आणि पास झालो. मग धावत बाजारात जाऊन त्याच्यापाशी सगळं कबूल केलं.

तो पोट धरून हसला. "पास झाला ना? मंग आता वाचाले लाग."